टिकलीखालचा दिवा

चारठाण्याहून सेलूकडे येताना
देवगाव फाट्याच्या अलीकडे तो लागला.
पिवळा, शेंगदाण्याएवढा.
आकार म्हणाल तर नळाची तोटी,
नाहीतर शेपूट तुटलेली कोंबडी.
मागच्या सीटवर बर्फाच्या डब्यात
सव्वीस जणांचं रक्त होतं,
नळ्यांवर चिठ्ठ्या, माझ्याच अक्षरात.
गाडी रोजच्यासारखीच चालत होती.

पंपावरचा पोरगा म्हणाला, टाकीचं झाकण ढिलं असंल.
तीनदा कुर्रकुर्र वाजेपर्यंत आवळलं.
दिरानं बॅटरीची वायर काढून पुन्हा लावली.
दिवा गेला. सोबत घड्याळातली वेळही गेली.
तिसऱ्या दिवशी, बोरीच्या उतारावर,
परत.
तेवढाच पिवळा, तेवढाच शांत.

तेव्हा मी कपाळाची टिकली काढली
आणि त्याच्यावर लावली.
अकरा दिवस.
दिवसा काहीच दिसायचं नाही.
रात्री तेवढा कडेनं बारीक उजेड यायचा,
ग्रहणात सूर्याभोवती राहतो तसा,
आणि मी रेडिओचा आवाज वाढवायचे.

खरं तर मला कळायला हवं होतं.
चौदा वर्षं झाली, दंडाला पट्टा बांधून शीर शोधते आहे.
रिपोर्ट नको असलेली माणसं मी लांबून ओळखते.
चौकटीबाहेरचा आकडा ठळक छापून येतो,
ते कागदाची आधी दोन, मग चार, मग आठ पदरी घडी घालतात
आणि म्हणतात,
"पण मला तसं काही होत नाही, बाई."
मी म्हणते, डॉक्टरांना दाखवा.
मला एवढंच म्हणता येतं.

वाजेद मिस्त्रीचं गॅरेज रेल्वे गेटाच्या पलीकडं, लिंबाखाली.
त्यानं आधी टिकली काढली.
तिच्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं नाही,
डॅशबोर्डच्या कडेला नीट चिकटवून ठेवली.
"कवापासून हाय?"
"परवापासून," मी म्हणाले.

स्टेअरिंगखाली वाकून त्यानं यंत्राची पिन खुपसली.
काचेवर उमटलं: पी शून्य एकशे एकाहत्तर.
"म्हंजी हवा जास्ती, पेट्रोल कमी."
"कामून?"
"ते ह्याला काय माहीत?
हे नुसतं हाक मारतं. हुडकायचं आपण."

सेन्सर बदलून टाका, मी म्हणाले.
साडेचार हजार जातील, जाऊ द्या.
त्यानं ऐकलंच नाही.
"सोपान, ऊदबत्ती आण."
इंजिन चालू ठेवलं,
पेट्रोलच्या लाइनीपासून हातभर लांब राहून
तो एकेका नळीवरून ऊदबत्ती फिरवू लागला,
ओवाळल्यासारखी नाही, चाचपल्यासारखी.
धूर वर जात होता, सरळ.
सरळ.
मालगाडी गेली, तेवढा वेळ थांबला.
पुन्हा सरळ.
मग एका काळ्या नळीच्या वाकणात
धूर लवला, बारीक झाला
आणि आत गेला,
कुणी घरात बोलावल्यासारखा.

"हे बगा."
दातांच्या खुणा. दोन. उंदराच्या.
आणि खाली, बॅटरीच्या बगलेत, त्याचा संसार:
तुरीचं भुसकट, माझा कापूस,
माझ्याच चिठ्ठ्यांचे कपटे,
एकावर 'उपाशी', एकावर 'वय ६', पुढचं खाल्लेलं.
घरात कुणी नव्हतं.
ऊब होती, पण ती इंजिनाची.

नळी एकशे तीस रुपयांची, मजुरी दोनशे.
ऊदबत्तीचे घेतले नाहीत.
"दिवा पुसलाय, पण पुसला म्हंजी गेला नव्हं.
दोनशे किलोमीटर चालवा, मंग सांगा."

एकशे नव्वद झालेत.
नजर अजून त्याच जागेवर जाते, अंधार बघायला.
टिकली मी काढलेली नाही.

आज चारठाण्यात एका बाईनं
आठ पदरी घडी माझ्यापुढं केली.
"मला तर काही होत नाही."
डॉक्टरांना दाखवा, हे ओठावर आलं होतं.
त्याआधी मी विचारलं,
"कवापासून हाय?"
तिनं पदर सारखा केला, दाराबाहेर पाहिलं,
म्हणाली,
"परवापासून."